खंडेनवमीचा माऊस

या वर्षी नवरात्रात ओंकारचा फोन आला. ओंकार म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, नुकताच अकरावीला गेलेला. "आत्या, गेमिंगसाठी चांगला माऊस कोणता गं? पप्पा म्हणाले, आत्याला विचार, तिला त्यातलं कळतं." मी तेव्हा हॉटेलच्या काउंटरवर होते, पुढ्यात बिलासाठी माणसं उभी होती, म्हणून संध्याकाळी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. पण नंतर दिवसभर हात बिलं करत होता आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. आत्याला त्यातलं कळतं. हे माझ्या भावाच्या तोंडून बाहेर पडायला त्याचे केस पांढरे व्हावे लागले. माझं वय काही आठवणी लिहायचं नाही, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. असेल. पण काही गोष्टी वेळच्या वेळी लिहून टाकल्या नाहीत तर त्या नासतात, आणि नासलेली वस्तू घरात ठेवणारी मी बाई नाही.

आमचं घर कुसगावात, रस्त्याला लागून. आबा म्हणजे माझे वडील एका मुंबईकराच्या बंगल्यावर माळी होते, वर घरची थोडी भातशेती. आई लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात गूळ ओतायच्या कामाला जायची. घराची पुढची खोली दादाने सायबर कॅफेसाठी घेतली होती. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कॉलेज अर्धवट सोडलेला, पण कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करण्यात हात बसलेला. कॅफे आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक विटांची भिंत होती, तीही वरून उघडी. त्यामुळे आई भाकरी थापत असायची आणि भिंतीपलीकडून बंदुका धडाधड वाजत असायच्या. "मेला, मेला!" असं कुणी ओरडलं की सुरुवातीला आई पिठाच्या हातानेच दाराशी धावायची. पुढे तिला सवय झाली. कालवणाला फोडणी बसली की पलीकडची पोरं खोकायची आणि त्यांचा नेम चुकायचा, मग एखादा ओरडायचा, "मावशी, जरा दमानं की!" खेकड्याचं कालवण असलं तर तीच पोरं खेळ संपवून भिंतीवरून वाटी पुढे करायची. आई कुणाला नाही म्हणायची नाही. शनिवार-रविवारी पर्यटक मेल बघायला यायचे, त्यांच्या पायांचा चिखल मी पुसायचे. इतर दिवशी दुपारी दादा जेवून झोपायचा आणि काउंटर मी सांभाळायचे. बारावीची परीक्षा झालेली, निकाल यायचा होता, आणि घरातल्या मुलीला रिकामं बसलेलं कुणाला बघवत नाही.

मी डावरी. हे आमच्या घरात व्यंगासारखं बोललं जायचं. ताटावर डावा हात गेला की आईची चापट बसायची. प्रसाद डाव्या हाताने घेतला म्हणून एका काकूने तो परत काढून घेतला होता, सगळ्यांच्या देखत. शाळेत बाईंनी पेन्सिल उजव्या हातात कोंबली ती कायमची. आजही माझं अक्षर उजव्या हाताचं आहे आणि बघणाऱ्याला ते कळतं, कारण ते दुसऱ्याच्या घरी पाहुणी आल्यासारखं अंग चोरून बसलेलं असतं. पण माऊस कोणत्या हाताने धरायचा याचं शास्त्र आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. आजीने सांगितलेलं नव्हतं, पुराणात नव्हतं. दुपारी रिकाम्या कॅफेत मी पहिल्यांदा माऊस ओढून डाव्या बाजूला घेतला आणि कुणीही चापट मारली नाही. त्या दुपारी माझा डावा हात पहिल्यांदा मोकळा झाला असं म्हटलं तर त्यात काही अतिशयोक्ती नाही.

खेळ साधा होता. पाच जण या बाजूचे, पाच त्या बाजूचे, बंदुका घेऊन एकमेकांना शोधायचं आणि आधी नेम धरायचा. मी आधी एकटीच कॉम्प्युटरशी खेळायचे. मग एकदा पोरं चौघंच होती, पाचवा आला नव्हता, तर त्यांच्यातला बंटी म्हणाला, "सुमे, बस गं तू, नुसती उभी ऱ्हायलीस तरी चालंल." मी उभी राहिले नाही. खेळ संपल्यावर बंटी खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे नुसता बघत राहिला. तेव्हापासून पाचवा आला तरी पोरं त्याला म्हणायची, थांब जरा. एकच कटकट होती. डाव्या हातासाठी माऊसची बटणं कॉम्प्युटरमध्ये जाऊन उलटी करावी लागत आणि उठताना ती सुलटी करायची मी विसरायचे. मग कुणी प्रिंटआउट काढायला आलेला गुरुजी क्लिक करकरून वैतागायचा आणि दादा मला शिव्या घालायचा. "उजव्या हातानं खेळली तर काय हात झडंल का तुझा?" असं तो म्हणायचा. तेव्हा ते मला भावाचं रागावणं वाटायचं.

ओंकारला मी संध्याकाळी फोनवर जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण ते मी कुठल्या पुस्तकातून शिकले नाही. आमच्या कॅफेतले माऊस सुरुवातीला गोळीवाले होते. खाली रबरी गोळी, ती आतल्या बारीक रुळांवर फिरायची. लोणावळ्याची ओल, धूळ आणि पोरांच्या बोटांचा चिक्कीचा गूळ हे सगळं त्या रुळांवर जाऊन बसायचं आणि काळी वळी धरायची. मी सेफ्टी पिनने ती खरवडून काढायचे. नंतर लाल दिव्याचे आले, पण स्वस्तातले. हात सावकाश हलवला की ठीक, झटक्यात फिरवला की त्यांना दिसायचंच बंद व्हायचं. तेव्हाच मला कळलं की चांगला माऊस म्हणजे काय. पोरं आकड्यांच्या मागे असतात, कुणाचा वेग जास्त, कुणाचे दिवे किती रंगांचे. त्या आकड्यांना काही अर्थ नाही. हात जेवढा हलला तेवढंच त्याने हललं पाहिजे, कालही तेवढंच आणि आजही तेवढंच. स्वतःच्या मनाचं काही घालता कामा नये. मग तो आपल्या हातापुरता असावा. पंजा लहान आणि माऊस मोठा असला तर मनगट मरतं. हलका असावा, पण पोकळ वाजू नये. बटण बोट टेकताच उमटावं आणि एकदा दाबलं की एकदाच. वायर मऊ असावी. कडक वायर नेम धरताना मागून पदर ओढल्यासारखी ओढते. मी ती केसांच्या रबराने मॉनिटरच्या पायाला अडकवून ठेवायचे. आणि तळाच्या गुळगुळीत पट्ट्या स्वच्छ असाव्यात, एक खडा अडकला तरी सगळा खेळ अडखळतो.

असा माऊस मिळणं अवघड होतं, कारण जे चांगले म्हणून यायचे ते सगळे उजव्यांसाठी घडवलेले. अंगठ्यासाठी डावीकडे खळगा, तळहातासाठी उजवीकडे उतार. माझ्या हातात तो उलट्या पायात घातलेल्या चपलेसारखा बसायचा. सगळी उन्हाळी सुट्टी मी सकाळी आईबरोबर कारखान्यात चिक्कीची पाकिटं भरली. मग बंटीबरोबर पुण्याला जाऊन दुकानामागून दुकान पालथं घातलं. प्रत्येक दुकानदार आधी उजवा माऊस पुढे करायचा आणि मी डावा हात दाखवला की म्हणायचा, "ताई, सवय होईल." सवय करून घ्या, हे मला जन्मापासून सांगितलेलं. शेवटी एका बोळातल्या दुकानात एक मिळाला. काळा, साधा, दोन्ही बाजूंनी सारखा, दिवा नाही की नक्षी नाही. हातात धरला आणि मी दुकानातच हसायला लागले. बंटी म्हणाला, "हीच व्हय गं तुझी सोयरीक?" मी म्हणाले, व्हय, हीच.

बारावी पास झाले, पण पुढच्या कॉलेजचं नाव घरात कुणी काढलं नाही. त्या पावसाळ्यात मी खेळले तशी पुन्हा कधीच खेळले नाही. बाहेर धुकं, कॅफेत ओल्या छत्र्यांचा वास, आणि मी. सोमाटण्याच्या एका मंगल कार्यालयात दसऱ्याच्या दिवशी स्पर्धा ठरली. मावळातल्या कॅफेंचे संघ. पुण्यातला एक माणूस, जो स्वतःचा मोठा संघ चालवायचा, नवी पोरं निवडायला येणार होता. तो आधी एकदा आमच्याकडे येऊन माझा खेळ उभ्याने बघून गेला होता. जाताना म्हणाला, "सोमाटण्याला हाच खेळ दाखव. तिथं जिंकलीस तर तुला आमच्यात घेतो, राहायची सोय आमच्याच ओळखीच्या बायकांच्या हॉस्टेलला होईल, पुढच्या जूनपासून कॉलेजही कर." कॉलेजचा शब्द त्याने आपणहून काढला. लोणावळ्याच्या बाहेर जायचं, कॉम्प्युटर शिकायचं, हे मी मनातसुद्धा मोठ्याने बोलत नव्हते.

संघात पाचच. बंटी आणि आणखी तीन पोरं, आणि पाचवा दादा, कारण कॅफे त्याचा. एका दुपारी बंटीने आडपडदा न ठेवता विषय काढला. "दादा, राग मानू नको. सुमीला खेळू दे. तू राखीव ऱ्हा." दादा तेव्हा कीबोर्ड उलटा करून झटकत होता. त्याने झटकणं थांबवलं नाही. "खेळू दे की," म्हणाला. "माझं काय जातंय? मला हितं धंदा बघायचाय." आणि हसला. संध्याकाळी त्याने माझ्यासाठी वडापावही आणला. मला वाटलं, भाऊ असावा तर असा. हे वाक्य लिहिताना आज माझी मलाच कीव येते.

आबांना पटवणं राहिलं होतं. ते अंगणात विळ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं, हॉस्टेल, कॉलेज, पुण्याचा माणूस. ते धार लावतच ऐकत होते.

"बंदुका मारून कालेजात घेत्यात व्हय?" ते म्हणाले.

"घेत्यात आबा. खेळ हाय तो."

"वडगावचं स्थळ आलंय तुला. म्हाईत हाय ना?"

मला माहीत होतं. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं. आबांनी अंगठ्याने धार बघितली.

"असं कर," ते म्हणाले. "जिंकून ये. जिंकून आलीस तर मी सोता तुला पुण्याला पोचवायला येतो. न्हाई आलीस तर मग मी म्हणंल तितं गुमान उभी ऱ्हायचं. हाय कबूल?"

मी कबूल म्हणाले. आबा शब्दाचे पक्के होते. दोन्ही बाजूंनी पक्के.

आता खंडेनवमी. ज्यांच्या घरात ती होत नाही त्यांच्यासाठी सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्या हत्यारावर माणूस पोट भरतो त्याची पूजा. कोयता, विळा, कुदळ, पहार, सगळं चिंचेने घासून धुवायचं, लोखंडाला तेलाचं बोट फिरवायचं, पाटावर ओळीने मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आणि एकदा मांडलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारालाही सुट्टी. आमच्याकडे हे फार कडक होतं. आबा त्या दिवशी बंगल्यावरची वाळकी फांदीसुद्धा तोडायचे नाहीत.

त्या सकाळी मला कुरवंड्याला मामांकडे पाठवलं होतं, भाताच्या लोंब्या आणायला. दाराच्या तोरणात झेंडूबरोबर नव्या भाताच्या लोंब्या लागतात आणि मामांचं भात आमच्याआधी पिकायचं. मी लोंब्यांची जुडी घेऊन परत आले तेव्हा ओटीवर पूजा मांडून झाली होती. आबांचा कोयता, विळा, पहार, आईचं चिक्की कापायचं कटर, दादाचे स्क्रू पिळायचे पाने. आणि विळा आणि कटर यांच्या मध्ये माझा माऊस. वायर नीट गुंडाळलेली. पाठीवर हळदीकुंकवाची बोटं, वर एक झेंडूचं फूल.

मी दारात उभी राहिले. सांगायला हवं की मला आधी राग आला नाही. त्या घरात माझी कुठलीच वस्तू कधी त्या ओळीत बसली नव्हती. माझा कंगवा, माझी वह्या-पुस्तकं, माझी शिलाईची सुई, काहीही नाही. आईने न विचारता, न सांगता माझं हत्यार ओळखलं होतं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मुलगी कशावर जगायला निघाली आहे ते तिला कळलं होतं. माझे डोळे भरून आले. मग माझं लक्ष गेलं, माऊस चमकत होता. कोयत्यासारखाच चमकत होता.

"आई, ह्याला धुतलंस का?"

"न्हाई तर काय? खंडेनवमीला पारोसं हत्यार मांडायचं व्हय? चांगला घासला. तेलाचं बोट बी फिरवलंय, गंजायचा न्हाई."

मी पुढे धावले. आबांचा आवाज आला, "सुमे! पूजेतलं हत्यार उचलायचं न्हाई." नुसता आवाज आला आणि माझा हात थांबला. लहानपणापासून थांबायची सवय झालेला हात होता तो. दादा झेंडूची टोपली घेऊन बाहेरून आत येत होता. मी त्याच्याकडे गेले. "दादा, आईनं माऊस पाण्यात घातला रे. तू बघितलं न्हाईस?" तो म्हणाला, "मी फुलं आणाया लोणावळ्याला गेलतो. मला काय म्हाईत?" आणि मग पाटावर लांबूनच नजर टाकून म्हणाला, "सुकंल गं उद्यापतुर. सुकला की हुतोय चालू. उगं रडू नको सणाला." कॉम्प्युटर उघडून जोडणारा माणूस सांगत होता, सुकला की होतो चालू. मी कुणावर विश्वास ठेवायचा होता?

दसऱ्याला सकाळी आबांनी पाटाला नमस्कार केल्यावर मी माऊस उचलला तो थेट पिशवीत. तपासायला वेळ नव्हता, गाडी दारात उभी होती. सोमाटण्याच्या कार्यालयात मुलांची गर्दी, लग्नाच्या जेवणाचा असावा तसा गलका, पंखे घरघरत होते. मुलगी म्हणून मी एकटीच. पुण्याचा माणूस भिंतीशी हाताची घडी घालून उभा होता, त्याने मला बघून मान हलवली. मी वायर जोडली. लाल दिवा लागला. माझा जीव भांड्यात पडला.

खेळ सुरू झाला आणि मी डावीकडे वळले. पडद्यावरची नजर थोडी गेली, अडखळली आणि एकदम छताकडे फेकली गेली. खाली आणली तर थरथरायला लागली. बटण एकदा दाबलं तर गोळी दोनदा सुटायची, नाहीतर सुटायचीच नाही. मी माऊस उलटा करून बघितला. खाली जिथून दिवा जमीन बघतो त्या भोकात पिवळं चिकट काहीतरी बसलं होतं. तेल आणि हळद. मी ओढणीच्या टोकाने पुसलं तर ते आणखी आत पसरलं. तोपर्यंत मी मेले होते, पडद्यावर. बंटी शेजारून ओरडत होता, "सुमे, काय करतीस? नेम धर की!" मी आयोजकाला हाक मारली. तो म्हणाला, कार्यालयाचा माऊस वापरा. पण कार्यालयाचे माऊस चोरीला जाऊ नयेत म्हणून उजव्या बाजूला टेबलाला बांधून टाकलेले, वायर डावीकडे पोचेना. मी उजव्या हाताने खेळले. शाळेतल्या बाईंनी पेन्सिल कोंबलेल्या त्याच हाताने. पुढची मुलं हसायला लागली, ते मला कानाच्या कडेने ऐकू येत होतं.

डाव संपायच्या आत दादा मागे येऊन उभा राहिला. "ऊठ सुमे. मी बसतो." त्याने पिशवीतून स्वतःचा माऊस काढला. नशीब, आणलाय याने, असं मला वाटलं. मी उठले. तो बसला, चांगला खेळला, तो सामना आमचा संघ जिंकला. पुढच्यात हरला. पण तोपर्यंत भिंतीशी उभा असलेला माणूस निघून गेला होता. जाताना माझ्यापाशी थांबला होता, एवढं खरं. "घरी सराव वेगळा असतो, इथलं वेगळं," असं समजुतीच्या सुरात म्हणाला आणि गेला. मी त्याला हळदीचं काय सांगणार? माझ्या हत्याराची पूजा झाली म्हणून मी हरले, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

घरी आबा दिलेल्या शब्दाप्रमाणे वागले, बस्स. माघात वडगावच्या घरी माझी पाठवणी झाली. मी आईशी मात्र पाठवणीपर्यंत धड बोलले नाही. "तुला कुणी सांगितलं होतं धुवायला?" असं मी तिला त्या संध्याकाळी विचारलं होतं, फार वाईट आवाजात. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. "मला काय कळतंय बाई," म्हणाली. "चुकलं माझं." एवढंच. दादा तेव्हा बाजूलाच ताटावर बसला होता. त्याने भाकरी मागून घेतली.

नवरा वाईट नाही. त्याच्या नोकरीमुळे पुढे आम्ही लोणावळ्याला आलो, मी बाहेरून बी.ए. केलं आणि हॉटेलच्या काउंटरला लागले. तिथला माऊसही टेबलाला उजव्या बाजूला बांधलेला आहे. रोज बिलं करताना त्या वायरकडे बघून मला सोमाटणं आठवतं, आणि रोज मी ते गिळते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की यात कुणाचा दोष नाही. अडाणी आईने मायेपोटी केलं, आता माणूस मायेला काय शिक्षा देणार?

तर, ओंकारला मी सगळं सांगितलं आणि त्याने माझ्या सांगण्यावरून माऊस घेतला. चांगला घेतला. खंडेनवमीला मी माहेरी गेले. आबा आता नाहीत, पण ओटीवर पाट तसाच मांडलेला. आईचं वय झालंय. सकाळी चहा घेतला की नाही ते तिला आठवत नाही, जुनं मात्र लख्ख आठवतं, आणि त्यातलं काय बोलायचं, काय झाकायचं हे भान उरलेलं नाही. ओंकारचा माऊस तिने उचलला आणि तांब्या वाकडा केला.

"आई!" दादा केवढ्याने ओरडला. हातातली झेंडूची माळ टाकून धावला. "त्याला पानी लावू नको! तेल तर अजिबात न्हाई! वाटोळं हुईल त्याचं!"

आईने तांब्या तसाच धरून त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"आरं, पर तूच म्हणला हुतास की. सुमीचा धुतला तवा तुला इचारलं मी, पानी चालतंय का? तू हितंच माळा ववत बसला हुतास. म्हणलास, चालतंय, धू. तेल लावू का म्हणलं, तर लाव म्हणलास."

दादाने ओंकारचा माऊस आईच्या हातातून काढून घेतला आणि शर्टाला पुसला, एक थेंबही लागलेला नसताना. "काय बी बोलती ही आता," तो म्हणाला. "वय झालं." माझ्याकडे त्याने बघितलं नाही. ओंकार एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आई मला म्हणाली, "तवा तुला सांगितलं न्हाई बघ. तू आधीच तापली हुतीस. म्हणलं, बहीण-भावांत कशाला." आणि ती कोयत्याला कुंकू लावायला लागली.

म्हणजे तिला माहीत होतं. चुकलं माझं म्हणताना तिला माहीत होतं, आणि मी जे तिच्यावर आग ओकत होते ते तिने पोराच्या वाटचं म्हणून गिळलं. मला भाऊ राहावा म्हणून की त्याला बहीण, ते आता तिला विचारून उपयोग नाही. मला त्या दोघांचाही राग आला. तिचा थोडा जास्त, कारण तिने ते हत्यार ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी पुन्हा गेले. जाऊ नको, असं मन म्हणत होतं, पण गेले. सोनं द्यायचं ते धाकट्याने मोठ्याला, उजव्या हाताने, वाकून नमस्कार करून. आजवर मी ते चुकवलं नव्हतं. आईला दिलं, वाकले. वहिनीला दिलं. मग दादा समोर आला. नवा सदरा, कपाळाला टिळा, चेहऱ्यावर कालचं काहीही नाही. त्याने हात पुढे केला. मी पान डाव्या हातात घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं, न वाकता.

त्याने हाताकडे बघितलं. ओटीवरची सगळीच बघत होती.

"उजव्या हातानं दे की गं," तो म्हणाला.

"चालतंय," मी म्हणाले. "घे."